लुत्फीने परत घेतलेले सलाम

लुत्फी नबतशीचा घसा ही जाळेवाल्यांच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. त्याला सर्दी झाली की गल्लीतली लग्नं पुढे ढकलली जायची. खोकला झाला की चार घरांतून पेरूच्या पानांचा काढा यायचा, आणि तो पिताना त्यानं तोंड वाकडं केलं की चारही खिडक्यांतून बायका ओरडायच्या, "संपव रे बाबा! गुरुवारी आमच्या पोरीचं लग्न आहे, नखरे नंतर कर!"

अलेक्झांड्रियात, बंदराच्या मागच्या अंगाला, समुद्र दिसत नाही पण त्याचा वास मात्र घरात येऊन बसतो अशा जागी ही गल्ली. लुत्फीचा बाप जाळी विणायचा. लुत्फीनं बोटांऐवजी तोंड चालवायचं ठरवलं. बाराव्या वर्षी तो मासळीच्या लिलावात पुकारे करायला लागला आणि विसाव्या वर्षी त्याला तिथून हाकललं. कारण एवढंच, की लोक मासळी न घेता नुसते ऐकत उभे राहायला लागले. "तू ओरडतोस तेव्हा माझ्या बोय माशांकडे कोण बघतो?" असं लिलाववाला रडकुंडीला येऊन म्हणाला. लुत्फी तिथून उठला तो थेट लग्नाच्या मांडवात.

मांडवात माइक धरून आहेर पुकारायचे, हे नबतशीचं काम. पाहुणा उठतो, नोट त्याच्या मुठीत कोंबतो, कानात दोन नावं सांगतो. बाकीचे नबतशी ती दोन नावं वाचून दाखवतात. लुत्फी ती उडवायचा. डावा हात कानावर, उजवा पाय फळीवर धाडकन, आणि मग –

"थांबवा रे वाजाप! ऐका! सलाम! कोणाकडून? बर्फवाल्या रगबकडून! कोणाला? नवरदेवाच्या मामाला! कोणत्या मामाला? ज्याची होडी बुडाली पण मिशी भिजली नाही, त्या मामाला! वाजव!"

मामा मिशीवरून हात फिरवत उभा राहायचा, आणि मग त्याला पण नोट काढावीच लागायची.

या धंद्याचा एकच नियम होता. आहेराशिवाय सलाम नाही. एखाद्यानं फुशारकीत नुसतंच नाव पुकारायला लावलं आणि नोट काही निघेना, तर लुत्फी डावा हात वर करायचा, ढोलकीवाला एकच कोरडी थाप मारायचा, आणि लुत्फी म्हणायचा, "सलाम परत!" ज्याचा सलाम परत घेतला तो माणूस पुढचे आठ दिवस पाव आणायलासुद्धा बायकोला पाठवायचा. बत्तीस वर्षांत लुत्फीवर ही पाळी फक्त पाच वेळा आली होती.

नियमाबाहेरचा सलाम एकच, आणि तो सगळ्यांच्या आधीचा. ठाण्याचा. तीस वर्षं देशात आणीबाणीचा कायदा होता. पाच माणसं एकत्र उभी राहिली की जमाव, आणि त्यात एक नवरी असली की लग्न. पण ती नवरी आहे की नाही हे ठरवायचं ठाण्यानं. शिवाय भोंग्याची वायर गल्लीच्या दिव्याच्या खांबावरून घेतलेली. म्हणून गल्लीच्या तोंडाशी एक शिपाई टेकून उभा राहायचा. पहिला सलाम ठाण्याच्या अधिकाऱ्याला गेलेला ऐकला की तो बडीशेपेचा चहा संपवून निघून जायचा. नाही ऐकला तर भोंगा निघून जायचा. अधिकारी बदलत गेले, सलाम तोच राहिला. अलीकडची चार वर्षं तो निहाद पाशांच्या नावानं सुटत होता.

"सलाम कसला, वायरीचं भाडं आहे ते आमचं," लुत्फी म्हणायचा.

आमचं म्हणजे त्याचं एकट्याचं. अलेक्झांड्रियाचा माणूस एकटा असला तरी 'आम्ही' म्हणतो, आणि लुत्फी तर न्हाणीघरात निघाला तरी "आम्ही अंघोळीला जातो" म्हणायचा. कैरोचे पाहुणे दचकून मागे बघायचे, अजून कोण कोण चाललंय म्हणून.

हनादी त्याची एकुलती एक मुलगी. ती जन्मली त्या दिवसापासून लुत्फी तिच्या लग्नाचा सलाम रचायला लागला. दर वर्षी त्यात दोन ओळींची भर. तालीम न्हाणीघरात, कारण तिथे आवाज घुमतो. बायको, इन्शिराह, दार ठोठावायची. "अहो हनादीचे बाबा, बाहेर या! नवरी अजून बोबडं बोलते आहे!" पुढे हनादी मोठी झाली, औषधांच्या दुकानात लागली, आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या करमशी तिचं लग्न ठरलं, तोवर त्या सलामाची लांबी अशी झाली होती की मधे पाणी प्यायला कुठे थांबायचं हेसुद्धा ठरलेलं होतं.

आणि मग दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात घोळ झाला.

निहाद पाशांच्या मेहुण्याच्या होडीचं इंजिन करमनं दुरुस्त केलं आणि मजुरी मागितली. मागितली म्हणजे नुसतं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यात नेलं, तिसऱ्या दिवशी सोडलं. गाल सुजलेला आणि डाव्या कानात सारखी शिट्टी. डॉक्टर म्हणाले, पडदा गेला. तो दिवस होता बुधवार. गुरुवारी बर्फवाल्या रगबच्या मुलीचं लग्न. करम आणि हनादी दुसऱ्या रांगेत बसलेले. लुत्फी फळीवर चढला, डावा हात कानावर, उजवा पाय धाडकन –

"पहिला सलाम! कोणाला? आमच्या बंदराच्या दिव्याला, गल्लीच्या छत्राला, निहाद पाशांना! वाजव!"

"काय म्हणाले?" करमनं विचारलं. त्याचा डावा कान भोंग्याच्या बाजूला होता.

"काही नाही," हनादी म्हणाली.

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या नाहीत.

"बाबा, माझ्या लग्नात माइक शौकीकाकांकडे."

"कोण शौकी?"

"पलीकडच्या गल्लीतले."

"तो? अगं, तो सलाम सोडतो की घसा साफ करतो?" आणि लुत्फीनं लगेच शौकी करून दाखवला. खांदे पडलेले, मान पुढे. "'सल्ल... खर्रर... सलाम... कोणा... खर्रर... कोणाकडून...' त्याचं नाव पुकारून होईस्तोवर नवरीला नातू होतो!"

एरवी या नकलेवर हनादी पोट धरून हसायची. आज हसली नाही.

"ठाण्याला सलाम तर शौकीलाही करावाच लागतो," लुत्फी हळूच म्हणाला.

"लागतो. पण ते माझे वडील नाहीत."

लुत्फीनं बायकोकडे बघितलं. बायकोनं भाताकडे बघितलं.

"पोरी, ते नुसतं वायरीचं भाडं..."

"मग करमच्या कानाचं भाडं कोण देणार?" हनादी म्हणाली. "तुम्ही बापाच्या खुर्चीवर बसा, शरबत प्या, लोकांच्या टाळ्या ऐका. माइकला हात लावायचा नाही. लावलात तर मी नवरीच्या खुर्चीवरून उठून जाईन."

त्यानंतर लुत्फी अर्धा दिवस एक अक्षर बोलला नाही. शेजारच्या दोन बायका डोक्यावर काळं घेऊन विचारायला आल्या, कोण गेलं?

जानेवारी आला तो ट्युनिसची बातमी घेऊन. तिकडचा हुकूमशहा विमानात बसून पळाला म्हणे. गल्लीत कोणी मोठ्यानं काही बोललं नाही, पण त्या आठवड्यात सगळ्यांनी मासळी जरा जास्तच घेतली. लुत्फी आपल्याकडच्या अध्यक्षांचा आवाज हुबेहूब काढायचा, मात्र कपड्यांच्या कपाटात तोंड घालून. बायको दाराशी पहारा द्यायची. "माझ्या मुलांनोऽऽ," लुत्फी कोटांच्या आत म्हणायचा, "मी तुमच्या बापासारखाऽऽ..." आणि इन्शिराह तोंडात पदर कोंबून हसायची. पंचवीस तारखेला लोक रस्त्यावर आले. लुत्फी म्हणाला, पोरंटोरं आहेत, गारठ्यानं घरी जातील. अठ्ठावीसला, शुक्रवारी, सगळं शहरच रस्त्यावर आलं, आणि संध्याकाळपर्यंत ठाण्यात एक माणूस उरला नाही. निहाद पाशा कुठे गेले कोणाला कळलं नाही. त्यांचे दोन शिपाई इस्त्रीवाल्याकडून पायघोळ अंगरखे उसने घेऊन गेले, आणि ते आजतागायत परत मिळालेले नाहीत, हे त्यानं मनात धरून ठेवलंय.

पुढच्या गुरुवारी हनादी बापासमोर येऊन उभी राहिली. दहा दिवस ती रोज मैदानात जात होती. आवाज बसला होता, पण डोळे लखलखीत.

"बाबा, भोंगा हवाय. उद्याला."

"कशाला?"

"मैदानात पुढच्यांचं मागच्यांना ऐकूच येत नाही. पुढचे म्हणतात 'राजवट पाडा', मागचे विचारतात, 'काय पाडा?' काल कोणी तरी सांगितलं, भिंत पाडा. नशीब, पाडली नाही."

"देतो की. उद्या नमाजानंतर आम्ही येतो भोंगा घेऊन."

"फक्त भोंगा, बाबा. तोंड घरी ठेवा."

"तोंड घरी राहणार असेल," इन्शिराह स्वयंपाकघरातून म्हणाली, "तर मी पण मैदानात जाते."

लुत्फीनं खूप गयावया केली. वायर फक्त त्यालाच जोडता येते. बॅटरी जड आहे, ती तो खांद्यावर घेईल. ओठ शिवून टाकेल. शेवटी हनादी म्हणाली, "बॅटरी. तेवढीच."

मैदान मशिदीच्या समोरच. एक रस्ता ओलांडला की समुद्र. वारा असा, की हातातल्या कागदी फलकांचे पतंग होत होते. रताळंवाला आपली पत्र्याची भट्टी ढकलत आला होता, हरभऱ्याचं तिखट कढण विकणारा आला होता, एक अख्खं कुटुंब तर घरून खुर्च्या घेऊन आलं होतं. लुत्फी खांद्यावर बॅटरी घेऊन ओठ घट्ट मिटून उभा. ओळखीचे भेटत होते. आणि ओळखीचे तरी किती! त्या मैदानातल्या अर्ध्या संसारांची सुरुवात त्याच्याच भोंग्यावर झाली होती.

घोषणा द्यायला मिस इब्तिसाम होत्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. त्या मैदानाला शाळेसारखंच वागवायच्या. "शेवटच्या रांगेतले! मला तुमचा आवाज येत नाहीये! खिडकीपाशी काय चाललंय? परत म्हणा!" आणि पन्नास पन्नास वर्षांचे बाप्ये निमूटपणे परत म्हणायचे. पण दहा दिवसांनी त्यांचाही घसा गेला. मधेच त्यांनी तोंड उघडलं आणि भोंग्यातून उंदरासारखी चूंऽ एवढंच बाहेर आलं.

मैदान थबकलं. आणि मग कोणी तरी बघितलं, बॅटरी कोणाच्या खांद्यावर आहे.

"अरे, लुत्फीकाका!"

"लुत्फीकाका, बोला!"

"काका, तोंड उघडा!"

लुत्फीनं हनादीकडे बघितलं. ती मान हलवून नाही म्हणत होती. पण तोवर तो जमिनीवर राहिलाच नव्हता. चार जणांनी त्याला उचलून एकाच्या खांद्यावर बसवला होता, आणि तो एक जण म्हणजे करम. माइक हातात आला.

आता, घोड्याला गाडीला जुंपलं की तो चालायला लागतो. लुत्फीच्या हातात माइक आला की त्याच्या अंगाचंही तसंच व्हायचं. डावा हात आपोआप कानावर गेला. उजवा पाय धाडकन बसला, करमच्या बरगडीत. आणि बत्तीस वर्षांची सवय पोटातून वर आली.

"थांबवा रे वाजाप! ऐका! पहिला सलाम! कोणाला? आमच्या बंदराच्या दिव्याला, गल्लीच्या छत्राला, निहाद पाशांना!"

भोंगा चांगला होता. समोरच्या इमारतींवर आपटून नाव परत आलं. पाशांनाऽ... शांनाऽ... नाऽ...

एवढी शांतता झाली की रस्त्यापलीकडचा समुद्र ऐकू आला. रताळंवाल्यानं भट्टीचं झाकण लावलं. मागून कोणी तरी घाबरून विचारलं, "कोण मेलं?"

"काय म्हणाले?" करमनं खालून मोठ्यानं विचारलं. लुत्फीची मांडी त्याच्या डाव्या कानाला टेकलेली होती, पण तो कान उघडा असता तरी काय फरक पडणार होता.

या वेळी हनादीनं 'काही नाही' म्हटलं नाही. पांढरीफटक पडून ती बापाकडे बघत राहिली, आणि लुत्फीला कळलं, की बापाची खुर्चीसुद्धा आता गेली.

गर्दीतून एक काठी वर झाली. काठीखाली अबू दोमा तांडेल, ऐंशीला टेकलेला, गल्लीतला सगळ्यात जुना होडीवाला.

"ए लुत्फी!"

"जी, तांडेल."

"आहेर कोणाचा?"

"काय?"

"सलाम सोडलास ना आत्ता? आहेर कोणी दिला?"

हा धंद्याचा प्रश्न होता. धंद्याचा प्रश्न आला की लुत्फी झोपेतसुद्धा खरं उत्तर द्यायचा. त्यानं मूठ उघडून बघितली. मूठ रिकामी.

"कोणी नाही."

"माझ्या लग्नात कोणी दिला होता?"

"तांडेल, तुमच्या लग्नात आम्ही नव्हतो. तुमचं लग्न राजाच्या काळात झालं."

कोणी तरी फिसकन हसलं. काठी जोरात आपटली.

"बरं, माझ्या पोराच्या लग्नात? ठाण्याचा आहेर आला होता?"

"नाही."

"नातवाच्या?"

"नाही, तांडेल. बत्तीस वर्षांत कधीच नाही."

"मग मला शिकव," अबू दोमा म्हणाला, "आहेर नसलेल्या सलामाचं नबतशी काय करतो?"

लुत्फीनं डावा हात वर केला. ढोलकी नव्हती. रताळंवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं चिमटा भट्टीच्या पत्र्यावर हाणला. धप्प.

"सलाम परत!" लुत्फी गरजला.

ते जे मैदान फुटलं! मिस इब्तिसाम तर मुलांचा निकाल लागल्यासारख्या उड्या मारायला लागल्या. आणि ते शमायच्या आत एक खाटीक हात नाचवत पुढे आला.

"हा आजचा झाला! माझ्या लग्नातला? शहाण्णव साल!"

"शहाण्णव सालचा, खाटीक ज़क्कीच्या लग्नातला, ठाण्याला गेलेला सलाम..." धप्प. "परत!"

"परत!" मैदान म्हणालं.

"आम्हा दोघा भावांचं एकाच मांडवात होतं!"

"मग दोन्ही परत!"

"परत! परत!"

एक धिप्पाड बाई गर्दी फाडत आली. "माझी तीन लग्नं झाली रे लुत्फी! तिन्ही घे परत!"

"तिन्ही परत!"

"आणि पहिला नवरा?"

"नुसता सलाम, बाई! माल परत घेत नाही!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि पडल्या पडल्या आपापली सालं ओरडत होते. मागून कोणी विचारलं, "आमच्या गल्लीत नबतशी दुसरा होता, चालेल का?" आणि बघतात तर तो दुसरा नबतशी, शौकी, तिथेच उभा, हातात कढणाचा पेला.

"वर ये, शौकी!" लुत्फी ओरडला.

"माझा घसा... खर्रर..."

"तुझा घसा कधी बरा होता? ये!"

मग काय, एकीकडून लुत्फी, एकीकडून शौकी. "प... खर्रर... परत!" आणि लोकांना शौकीचं खर्ररसुद्धा इतकं आवडलं की 'परत'च्या आधी सगळं मैदान खर्रर करायला लागलं. राजवटीला असला आवाज आंदोलनाच्या त्या अठरा दिवसांत दुसऱ्या कोणी काढला नसेल.

या गोंधळात हनादी जवळ आली. तिनं बापाचा पाय धरून हलवला.

"बाबा. ऑक्टोबरमधला. रगबच्या मुलीच्या लग्नातला."

लुत्फीनं माइक वर केला. हात वर केला. रताळंवाल्यानं चिमटा उगारला. आणि गल्लीची सार्वजनिक मालमत्ता जागच्या जागी बंद पडली. आवाज फुटेना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. शेवटी त्यानं माइक बाजूला धरला, खाली वाकला आणि करमच्या उजव्या कानात म्हणाला, "मी परत घेतला, पोरा." आम्ही नाही. मी.

करमनं वर बघितलं. "मला काय सांगताय, काका? मला तर तो ऐकूच आला नव्हता. यांना सांगा!" आणि दोन्ही हातांनी सगळं मैदान दाखवलं.

तेव्हा लुत्फीनं जो आवाज लावला, तो म्हणे बंदरात नांगरलेल्या बोटींवर ऐकू गेला. बोटींवरचे तसं सांगतात, आणि ते खरं बोलतात की नाही हे बघायला कोण गेलं होतं?

घरी जाताना हनादीनं एक रताळं घेतलं, मोडलं, अर्धं बापाला दिलं. लग्नाचा विषय काढला नाही. त्यानंही काढला नाही. तोंड भरलेलं होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी अध्यक्षांनी खुर्ची सोडली. गच्च्यांवरून बायका जिभा हलवून किलकारत होत्या, होड्यांचे भोंगे वाजत होते, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारून तोंडं गोड करत होती. आणि गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज मुका. आठवडाभर सलाम परत घेऊन घेऊन लुत्फीचा घसा असा बसला होता, की तो दारात उभा राहून पळीनं पातेलं बडवत होता. "तीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता," इन्शिराह सगळ्यांना सांगत होती, "आणि नेमका आजच बाहेर गोंगाट!"

लग्न ठरलं एप्रिलात. संचारबंदी अजून पुरती उठली नव्हती, म्हणून मांडव दुपारचा, असरच्या नमाजानंतर लगेच. आदल्या दिवशी हनादीनं निकाल सांगितला.

"माइक तुमच्याकडे, बाबा."

लुत्फी खुर्चीवरून उठला.

"बसा. अजून संपलं नाही. शौकीकाका राखीव. ते पहिल्या रांगेत तयारीत बसतील. तुमच्या जिभेची मला अजून खात्री नाही. काही वेडंवाकडं निघालं, की मी मान हलवीन आणि माइक त्यांच्याकडे."

"ही नवरी आहे की न्यायाधीश?" लुत्फीनं बायकोला विचारलं.

"तुमचीच आहे," इन्शिराह म्हणाली.

मांडव भरला. शौकी पहिल्या रांगेत, तोंडात मिठाच्या पाण्याची गुळणी धरून, गाल फुगवून. लुत्फी फळीवर चढला. डावा हात कानावर. उजवा पाय वर उचलला, आणि सगळ्या गल्लीनं श्वास धरला.

"थांबवा रे वाजाप! पहिला सलाम! कोणाकडून? ज्यानं पहिला आहेर दिला त्याच्याकडून! अबू दोमा तांडेलकडून, जो जागा पकडायला सकाळपासून इथे बसलाय! कोणाला? त्याचं म्हणणं आहे, त्यालाच! वाजव!"

हनादीची मान हलली नाही. शौकी गुळणी धरून होता. मग सलामांचा पाऊस. खाटीक ज़क्कीचा, मिस इब्तिसामचा, तीन लग्नांवाल्या बाईचा. ती चौथा नवरा बघायला आली होती असं लुत्फीनं तिच्या परवानगीनं जाहीर केलं. हनादीसाठी रचलेला तो लांबलचक सलाम त्यानं शेवटासाठी राखून ठेवला होता. आणि ऐन रंगात ढोलकीवाल्याचा हात थांबला. तो गल्लीच्या तोंडाकडे बघत होता.

तिथे साधा पांढरा सदरा घातलेला एक तरुण उभा होता. सदरा साधा होता, पण पोलिसी बूट सगळं सांगत होते. ठाण्याला नवा अधिकारी आलाय, हे गल्लीला आठवड्यापासून माहीत होतं. तो आत आला. आहेर देणाऱ्यांच्या मागे, बर्फवाल्या रगबच्या मागे उभा राहिला. हातात एक नोट.

रगबनं मागे बघितलं आणि तो टुणकन बाजूला झाला. "या पाशा, पुढे या! या ना, या!"

"रगब!" आख्खी गल्ली ओरडली.

"अरे, सवय!" रगब कळवळला.

"नाही, मी रांगेत आहे," तो तरुण म्हणाला. कान लाल झाले होते.

त्याची पाळी आली. लुत्फीनं कान पुढे केला. "नाव?"

"हुसाम."

"पाशा लावू?"

"नको."

"कोणाकडून, कोणाला?"

"ठाण्याकडून." हुसामनं नोट पुढे केली. "गल्लीला."

लुत्फीनं नोट उजेडात धरून बघितली, जशी तो सगळ्यांची बघायचा. मग नवरीकडे बघितलं. हनादी खुर्चीत ताठ बसली होती. तिनं मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. शेजारी बोट दाखवलं. "यांना विचारा. कान यांचा आहे."

करमनं उजवा कान तिच्याकडे केला. तिनं त्यात सगळं सांगितलं. मांडवात कोणी शरबतसुद्धा गिळत नव्हतं.

"आहेर दिलाय?" करमनं विचारलं.

"दिलाय," लुत्फी म्हणाला.

"नोट खरी आहे?"

"खरी आहे."

"मग सोडा. पण साधा. दिवा, छत्र, मिशी, काही लावायचं नाही."

साधा सलाम लुत्फीनं जन्मात सोडला नव्हता. दोनदा त्याच्या जिभेवर काही तरी आलं, दोनदा त्यानं ते गिळलं. इन्शिराह डोळे मिटून काही तरी पुटपुटत होती.

"सलाम," लुत्फी म्हणाला. "ठाण्याकडून. गल्लीला."

आणि गप्प झाला. एवढ्याशा सलामाला कोणती थाप वाजवायची ते ढोलकीवाल्याला कळेना, म्हणून त्यानं बोटानं एकदाच टिचकी मारली. हुसामनं मान लववली आणि मागच्या बाकावर, रगबच्या शेजारी जाऊन बसला. रगबनं या वेळी उठून जागा दिली नाही, थोडं सरकून दिली.

हनादी पहिल्या रांगेकडे वळली.

"शौकीकाका, जा, जेवून घ्या."

शौकीनं गुळणी थुंकली, "खर्रर... देव भलं करो," म्हणाला आणि मासे-भाताच्या पातेल्याकडे पळाला.